कृपेने तारण झालंय, मग माझ्या वाट्याला काय उरतं?

जय ख्रिस्त भाऊ. मी रिटायर्ड पाळक आहे. नगर आणि बीडकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये बरीच वर्षं आणि शेवटी शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये सेवा केली, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपात बऱ्याचदा येऊन गेलाय.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे भाऊ नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातले, तिसरी पिढी, आता चिंचवडला एका कंपनीत परचेसला आहेत. रविवार चुकवत नाहीत, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला देतात. पण व्हेंडरकडून पाकिटं घेतात, डिपार्टमेंटमधले सगळेच घेतात म्हणून, आणि गावी थोरल्या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले प्रार्थनेत ठेवा, येशूने वधस्तंभावर सगळं देणं फेडलंय. त्याने समाधान झालं नाही म्हणून आता विचारतायत की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने झालंच आहे तर देवाचं काम किती आणि माझं किती. शिवाय घराण्यावर पिढीजात शाप असेल का आणि पाकिटातल्या पैशाचाही दशांश काढतो ते बरोबर का, हेही विचारलंय.

आता खरं सांगू का, तुमचा प्रश्न दिसायला शिकवणुकीचा आहे पण तसा तो नाहीये. समजा मी लिहिलं की देवाचं सत्तर टक्के आणि तुमचं तीस, तर उद्या सकाळी ऑफिसला जाऊन तुम्ही वेगळं काय करणार आहात? काय करायला हवं हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या लिहिण्यातच ते दिसतंय. तुम्हाला खरं विचारायचंय ते हे की ते न करता नुसतं प्रार्थनेत ठेवून भागेल का, आणि भागणार असेल तर मग मनाला टोचणी का लागून राहिलीय.

तुमच्या पाळकसाहेबांना मी चूक म्हणणार नाही. ते बोलले ते खरंच आहे, फक्त अर्ध्यावर थांबले. आपल्याकडे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी-नववी ओवी, सॉरी, वचनं, संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतात, की कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण झालेलं आहे, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये. पण दहावं वचन लगेच पुढे आहे आणि त्यात म्हटलंय की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. नवव्यावर पुस्तक मिटायची आपल्याला सवय लागलीय, आणि त्यात आपली सोय पण आहे ना.

टक्केवारीचं म्हणाल तर ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तसा हिशेबच मांडत नाही. फिलिप्पैकरांस पत्रात तो म्हणतो भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि त्याच दमात पुढे म्हणतो की तुमच्यात इच्छा आणि कृती घडवून आणणारा देव आहे. म्हणजे तुम्ही पूर्ण करायचं आणि देव पूर्ण करतोय, दोन्ही एकाच वेळी. हे डोक्यात नीट बसत नाही हे मला मान्य आहे, माझ्याही बसत नाही, पण रोजच्या वागण्यात ते बसतं असा अनुभव आहे.

म्हणून मी लोकांना टक्केवारी सोडून एकच साधं विचारायचो, की हे काम तुमच्याऐवजी दुसरं कोणी करू शकतं का? पापांची क्षमा तुम्ही स्वतःला देऊ शकत नाही, ते देवाचं. आजारपणात तुमच्यासाठी प्रार्थना आई करू शकते, महिला मंडळ करू शकतं, मंडळीतला अनोळखी माणूससुद्धा करू शकतो. पण तुम्ही घेतलेला पैसा दुसरा कोणी परत करू शकत नाही. तुम्ही बोललेला शब्द दुसऱ्याला मागे घेता येत नाही. भावाच्या दारात तुमच्या पायांनीच जावं लागतं. जे काम तुमच्याऐवजी कोणालाच करता येत नाही ते तुमच्या वाट्याचं, आणि ते देवावर टाकलं तर ते तसंच पडून राहतं, कारण देव तुमच्या नावाने तुमच्या भावाला फोन करणार नाही.

आता पाकिटाकडे येऊ, कारण मला वाटतं गाठ तिथेच आहे.

आमच्या एका मंडळीत एक गृहस्थ होते, साखर कारखान्यात स्टोअरला. डिझेलच्या नोंदींमध्ये वर्षानुवर्षं थोडंथोडं इकडचं तिकडं केलेलं. रिटायर झाले, फंडाचे पैसे हातात आले, आणि प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले ते जाड पाकीट घेऊनच, म्हणाले साहेब हे देवळाच्या कामाला घ्या (आमच्याकडे चर्चलाच देऊळ म्हणतात), तेव्हा आमच्या देवळाचे पत्रे बदलायचे होते आणि वर्गणी काही पुरी होत नव्हती. मी घेतले नाहीत. त्यांना वाईट वाटलं, कमिटीतल्या दोघांना तर जास्तच वाईट वाटलं. पण मी त्यांना लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय वाचायला दिला. जक्कय जकातदारांचा मुख्य, पैसेवाला माणूस, तो येशूला काय म्हणतो ते नीट बघा. माझ्या मालमत्तेतलं अर्धं गरिबांना देतो, ही एक गोष्ट. आणि कोणाचं अन्यायाने काही घेतलं असेल तर चौपट परत करतो, ही दुसरी. दोन वेगळी खाती आहेत ती. गरिबांना दिलं म्हणून लुबाडलेल्यांचं देणं फिटलं असं तो म्हणत नाही. ज्याचं घेतलं त्यालाच परत.

जुन्या करारातल्या नियमशास्त्रात, लेवीयच्या सहाव्या अध्यायात आणि गणनाच्या पाचव्यात, फसवून घेतलेलं असेल तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. चौपट आहे ते निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात, मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर त्याची भरपाई. म्हणजे जक्कयाने स्वतःला कमी शिक्षेचं कलम लावून घेतलं नाही, चोराचं लावलं. येशूने त्याला इतके द्या असं सांगितल्याचं त्या अध्यायात कुठेच नाही हेही लक्षात घ्या. येशू फक्त त्याच्या घरी उतरायचं म्हणाला, बाकी सगळं जक्कय आपणहून बोलला.

तर आमचे ते गृहस्थ जुन्या वहीवरून अंदाजाने आकडा काढून, वर पाचवा हिस्सा घालून, कारखान्यात गेले. तिथे वेगळीच पंचाईत. कॅशियरला कळेना ही रक्कम कुठल्या हेडखाली धरायची, असं काही कोणी भरतच नाही ना, तो म्हणाला काका घरी जा, कशाला उगाच. हे हलेनात. शेवटी 'इतर जमा' म्हणून पावती फाडली. ती पावती त्यांनी मला आणून दाखवली, नंतर देवळाच्या पत्र्यांसाठी स्वतःच्या पेन्शनीतून वेगळे पैसे दिले, कमी दिले पण वेगळे दिले. ते आता हयात नाहीत, आणि संडे स्कूलच्या मोठ्या पोरांना हे सांगत जा असं त्यांनीच मला सांगून ठेवलं होतं म्हणून इथे लिहितोय.

यावरून दशांशाचंही कळलं असेल. पाकिटाच्या पैशाचा दशांश काढू नका. दशांश आपल्या कमाईचा असतो आणि पाकीट ही तुमची कमाई नाही, दुसऱ्याचे पैसे आहेत जे सध्या तुमच्याकडे आहेत. त्यातले दहा टक्के देवळात दिले की उरलेले नव्वद पवित्र होतात असं मनात कुठेतरी असतं आपल्या. ते देवाला दिलेलं कमिशनच झालं की, व्हेंडर तुम्हाला देतो तुम्ही देवाला देता.

पण इथे मला थांबून सांगितलं पाहिजे की तुमची परिस्थिती त्या गृहस्थांसारखी नाही. त्यांची नोकरी संपली होती, मुलं कमावती होती. तुमचं वय चौतीस, मुलाची शाळा, बहुतेक घराचा हप्ता. त्यामुळे त्यांनी केलं तसंच्या तसं करा असं मी सांगणार नाही. काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. पाकीट घेऊन तुम्ही रेट वाढवून दिलात का, हलका माल पास केलात का? केला असेल तर नुकसान कंपनीचं झालंय आणि देणं कंपनीचं लागतं, व्हेंडरला पैसे परत करून ते फिटत नाही. रेट बाजारभावाचाच होता आणि दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा आणि एखादं व्हाउचर आलं असेल तर ते वेगळं, तिथे कंपनीची गिफ्ट पॉलिसी काय म्हणते ते काढून वाचा, बऱ्याच कंपन्यांत डिक्लेअर करायचा फॉर्म असतो जो कोणी भरत नाही. आणि कंपनीला लेखी काही कबूल करायच्या आधी एखाद्या वकिलाशी बोला. यात विश्वास कमी पडतोय असं कोणी म्हणालं तर लक्ष देऊ नका, आपण काय लिहितोय त्याचा परिणाम काय होईल हे समजून घेणं हीसुद्धा जबाबदारीच आहे, तुमच्यामागे बायको-मुलं आहेत.

एका गोष्टीला मात्र परिस्थितीची सबब नाही. पुढचं पाकीट. ते घ्यायचं नाही हे ठरवायला वकील लागत नाही की पाळक लागत नाही. व्हेंडरला चारचौघांत भाषण देऊ नका, धर्माचं काढू नका, "आता आपल्यात हे नको, रेटमध्ये काय कमी करता येतं ते बघा" एवढं बोला. पहिल्यांदा तो समजेल की रक्कम कमी पडली म्हणून, आणि वाढवून आणेल. दुसऱ्यांदा पण तेच बोला. डिपार्टमेंटमधले बाकीचे तुमच्याकडे संशयाने बघतील, ते होणारच. त्यांची पाकिटं मोजत बसू नका, आपल्या डोळ्यातलं मुसळ निघेपर्यंत त्यांच्या कुसळाला हात घालायचा नाही. ते सगळं वर कळवावं का हा प्रश्न नंतर येईल आणि तो खरंच अवघड आहे, पण आत्ता तो पुढे आणला की स्वतःचं राहून जातं.

भावाचं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. लोक हे उलटं वाचतात. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं. तिथे तसं नाहीये. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर तुम्ही जायचं. वाटणीत चूक कोणाची होती हे त्या वचनात विचारलेलंच नाही. तुमच्या लिहिण्यावरून मोजणीत तुमच्यावर अन्याय झाला असं तुम्हाला वाटतं, असेलही, मी काही सातबारा बघितलेला नाही. पण बांधावर त्याच्या बायकोसमोर तुम्ही जे बोललात ते तुम्हीच लिहिलंय, आणि त्याची माफी मागायला जमिनीचा निकाल लागायची वाट बघायची गरज नाही. माफी बोललेल्या शब्दांची मागा. जमिनीचा विषय त्या दिवशी काढू नका, त्याने काढला तर म्हणा तो नंतर बघू, आज मी याच्यासाठी आलोय. जमिनीचा हक्क सोडून द्या असंही मी म्हणत नाहीये, तो रीतसर मागता येतो.

आणि तो बोललाच नाही तर? दार लावून घेतलं तर? मग पौल रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात काय लिहितो ते बघा, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं, हे शब्द मला फार मोलाचे वाटतात कारण तिथे जबाबदारीला कुंपण घातलंय. भावाने माफ करणं हे भावाच्या वाट्याचं आहे. ते तुमच्याच्याने होणार नाही आणि त्याचा हिशेब तुम्हाला कोणी मागणारही नाही. माझ्याकडे असेही खूप लोक यायचे जे दुसऱ्याच्या वाट्याचं उचलून वाकलेले असायचे, विशेषतः आया, पोरगं दारूच्या नादी लागलं की आपल्याच प्रार्थनेत काही कमी पडलं म्हणून उपासावर उपास करायच्या. त्यांना माझं सांगणं उलटं असायचं, की बाई, आता जेवा.

याच्यातच पिढीजात शापाचं येतं. हल्ली या सभांना गर्दी असते, आजोबांनी काय केलं, पणजोबा कुठल्या जत्रेला जायचे, ते शाप तोडायची प्रार्थना. कोणाच्या श्रद्धेची टिंगल मला करायची नाही. पण यहेज्केलचा अठरावा अध्याय एकदा सलग वाचा. इस्राएलात म्हणच पडली होती की वडिलांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, आणि देव म्हणतो ही म्हण पुन्हा काढू नका, जो पाप करील तोच त्याची शिक्षा भोगील. पाकीट तुम्ही घेतलंत भाऊ, पणजोबांनी नाही. त्यांना त्यात ओढू नका.

उलट आपल्या जुन्या लोकांकडे बघायचं तर दुसऱ्या कारणासाठी बघावं. नगर भागात बरीचशी कुटुंबं वस्तीच्या वस्ती मिळून मंडळीत आली, त्यामुळे आपल्याला विश्वास घर आणि आडनावासोबत आपसूक मिळालाय. लहानपणी बाप्तिस्मा, मोठेपणी दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतः कबूल करायचा विधी, कोणी काही विचारलंच नाही. पण लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, आणि त्या काळची बायको, नवऱ्यामागून गेली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. त्या गेल्या नाहीत. आधी काही वर्षं वेगळ्याच राहिल्या, नंतर एकत्र आल्या तरी लगेच धर्म बदलला नाही, सोवळं-ओवळं, जात, पाणी या सगळ्यावर स्वतःशी भांडून, स्वतःचं मन वळलं तेव्हा, 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाई तर त्याहून एक पाऊल पुढे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सिस्टर लोकांनी त्यांना आसरा दिलेला, तरी जे बायबलमध्ये आपल्याला दिसत नाही ते केवळ चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून मानायला त्यांनी साफ नकार दिला. भिक्षुकांचं एक जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी त्यांना लिहून कळवलं होतं. आणि नुसता नकार देऊन बसल्या नाहीत. हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला बसून अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्याच्या कामात त्या शेवटपर्यंत होत्या. मला पटत नाही म्हणणाऱ्याने मग स्वतः शोधायची मेहनतही घ्यायची असते, ती रमाबाईंनी घेतली.

तुम्ही म्हणाल आम्ही काही रमाबाई नाही. बरोबर. हिब्रू नका शिकू. पण व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारं एक वचन म्हणजे बायबल वाचन नाही एवढं तरी मान्य करा. लूकचं शुभवर्तमान घ्या, रोज एक अध्याय, चोवीस अध्याय आहेत, महिन्याच्या आत होईल, आणि वाचताना पाळकांनी यावर काय सांगितलं होतं ते आठवू नका, आधी काय लिहिलंय ते बघा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष पौलाने सांगितलेलं सुद्धा रोज शास्त्रात तपासून बघायचे आणि त्यासाठी त्यांचं कौतुकच केलंय. मग आम्हा पाळकांचं तपासलंत तर आम्ही रागवायचं काही कारण नाही.

वैयक्तिक जबाबदारी म्हणजे एकट्याने करायचं असं मात्र समजू नका. गलतीकरांस सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा आणि पाचव्यात प्रत्येकाने आपापला भार वाहावा, दोन्ही एका पानावर आहेत. मंडळीत एक माणूस गाठा ज्याच्या पोटात गोष्ट राहते, वयाने थोडा मोठा असलेला बरा, आणि त्याला सांगून ठेवा की महिन्याने मला विचार, पाकीट घेतलंस का, भावाकडे गेलास का. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, सगळ्यांसमोर साक्ष द्यायची घाई करू नका, तिथे बोललेलं दुसऱ्या दिवशी गावभर असतं आणि टाळ्या मिळाल्या की काम झाल्यासारखं वाटायला लागतं. कॅथलिक भाऊबंद फादरकडे कबुली देतात, त्यांच्यातही घेतलेलं परत करणं धरलेलंच आहे, सुटत नाही. म्हणजे तुम्ही कुठल्या चर्चचे आहात त्यावर फार काही अवलंबून नाही इथे.

राहिली सुरुवात कुठून करायची. माझ्या मते कंपनीपासून नाही, भावापासूनही नाही, बायकोपासून. तुम्ही लिहिलंय की पाकिटाचं तिला काहीच माहीत नाही, फक्त फी वेळेवर भरली जाते एवढं तिला माहीत आहे. पाकीट बंद झालं की घरखर्चात खड्डा पडणार तो तिच्याच डोळ्यासमोर पडणार, मग कारण न कळता तिने काटकसर का करावी? पोरगं झोपल्यावर वही घेऊन बसा, पगार किती, हप्ता किती, फी किती, आणि आत्तापर्यंत वरून किती येत होतं तेही आकड्यात लिहा. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. किंवा म्हणेल मला अंदाज होता. काहीही झालं तरी पुढचा महिना दोघांनी मिळून बसवायचाय, आणि शाळेत फीचे हप्ते करून मिळतात का ते तिला विचारायला सांगा, बऱ्याच शाळा अर्ज दिला की देतात.